सावडीत न बसणारं देणं

बबन,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड मांडून माणसं मागं सरतात न सरतात तोच तो लिंबावरून उतरला. कोणाला काही कबूल करायची वेळच आली नाही. एरवी आपल्याकडं माणसं ताटकळत उभी राहतात, "लेकरांचं शिक्षण करतो", "म्हातारीला अंतर देत न्हाई" असं एकेक कबूल करत जातात, तेव्हा कुठं तो पक्षी मान वाकडी करून खाली बघतो. "काही इच्छा राहिली न्हाई माणसाची," सगळे म्हणाले. "समाधानानं गेला." सुमनने डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याची काही इच्छा राहिली नाही, हे ऐकून बायकोला बरं वाटलं की वाईट, कोण जाणे. मला मात्र तुझा राग आला. तुझं काही राहिलं नसेल. माझं राहिलं आहे, आणि ते घेऊन मी घरभर फिरते आहे. भाजी फोडणीला टाकते आणि मीठ विसरते. शाळेत हजेरी घेताना मधेच थांबते, पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

घरी परत आल्यावर ओसरीत सरपंच दोन शब्द बोलले. म्हणाले, बबनराव म्हणजे निःस्वार्थी माणूस. मी पाणी पीत होते, मला ठसका लागला. बायकांना वाटलं, रडू आवरेना. तू असतास तर उभ्या उभ्या म्हणाला असतास, "सरपंच, मेलेल्या माणसाला शिव्या काहून देऊन राहिले?"

कारण तुझ्या लेखी ती शिवीच होती. "ज्याला काहीच नको, त्याच्यापासून चार हात लांब राहावं," असं तू म्हणायचास. हे मला पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा मी कॉलेजच्या श्रमदान शिबिरातून आले होते. तळहाताला फोड, आणि ते फोड सगळ्यांना दाखवायची हौस. तू धाकटा, शाळा सोडून शेतात लागलेला. विचारलंस, "रस्ता केला म्हणते, तर तिथले लोक काय करून राहिले होते?" मी म्हणाले, बघायला यायचे. "मंग पावसाळ्यात तो वाहून गेला का पुन्हा कोण करील? तुमी?" मी ताटावरून उठले. माय म्हणाली, जेवताना तरी गप बसा. तेव्हापासून आपण कधी गप बसलो नाही. मी म्हणायचे गाव मायेवर चालतं, तू म्हणायचास गरजेवर. मी शिक्षिका झाले, हिंगोलीत घर केलं, बचतगट, रक्तदान, पुराच्या वेळचे कपडे, जिथं काही असेल तिथं पुढं झाले. तू साखरा गावापलीकडच्या आपल्या कोरडवाहू तुकड्यात सोयाबीन आणि तूर पिकवत राहिलास, आणि मी भेटले की विचारायचास, "काय आक्का, झाली का दुनिया सुधरून?"

तुझा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे शेजारच्या वावराचा मारोतराव. बांधावरची बाभूळ कोणाची, यावरून तुमचं बोलणं बंद झालं ते तू जाईपर्यंत बंदच होतं. पण तुझ्या दावणीला एक बैल, त्याच्या दावणीला एक, आणि एका बैलानं तण काढायचा डवरा चालत नाही. म्हणून सावड. दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे, आज तुझं वावर, उद्या त्याचं. नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरकडं गेली, तरी उभ्या पिकातलं तण काढायला तुमची ती जोडी टिकली. आता अबोला धरलेल्या दोन माणसांनी एकमेकांना निरोप कसा द्यायचा? तर बैलामार्फत. तू लाल्याच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं म्हणायचास, "लाल्या, उद्या खालच्या तुकड्यात जायचंय रे, लवकर उठजो." बांधापलीकडून मारोतराव त्याच्या बैलाला म्हणायचा, "ढवळ्या, लवकर म्हंजी कवा, ते इचार त्याला." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बांधावर बसून पोट धरून हसले. तू हसला नाहीस. "हसू नको आक्का. ह्याच्यात माया हाय का, सांग. तरीबी कवा खाडा न्हाई. माया असती तर कवाच रुसून बसलो असतो."

उत्तर सुचलं नाही की मी काहीतरी करून दाखवायला जाते, ही माझी खोड तुला माहीत होती. रविवारी हिंगोलीहून जीपनं येऊन मी मायच्या ओसरीत फुकट शिकवणी सुरू केली. पहिल्या रविवारी बसायला जागा नव्हती. मग पोरं गळत गेली. कोणी शेळ्यांमागं, कोणी मामाच्या गावाला. तू म्हणालास, "फुकट लावलं म्हणून. मूठभर तूर घेत जाय." मी म्हणाले, विद्या विकायला बसले नाही मी. तू मान हलवलीस आणि निघून गेलास. थोड्याच दिवसांत ओसरी पुन्हा भरायला लागली. मला वाटलं, माझ्या शिकवण्याची गोडी लागली. पुढं कधीतरी स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात तूर सापडली, वेगवेगळ्या घरची, लाल, पांढरी, किडकी, निवडलेली, सगळी एकत्र. तू आयाबायांना सांगून आला होतास की आक्काकडं जागा कमी आहे, मूठभर तूर आणील त्यालाच बसू देणार. आणि दारात उभा राहून वसूल करत होतास. मी भांड भांड भांडले. तू शांतपणे त्याच तुरीचं वरण भातावर ओतून घेतलंस आणि म्हणालास, "शिकवणीचं वरण चवीला बरं लागते."

ती शिकवणी अजून चालू आहे. मूठभर तूरही चालू आहे. तिथं तू बरोबर होतास. मी हे तुला कधी म्हणाले नाही, आज म्हणते.

पण सगळं तुझ्याच बाजूनं नव्हतं, बरं का. ढवळ्या लम्पीच्या साथीत गेला ते साल आठव. ऐन डवरणीत गेला. मारोतराव दुसरा बैल आणीपर्यंत सावड तुटलीच होती, तू मोकळा होतास, आणि तांड्यावरच्या ओळखीच्या माणसाकडून तू लाल्याला जोडीदार मागूनही आणलास. मारोतरावानं तुझ्या दारात येणं शक्यच नव्हतं. त्याची बायको आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, आमचं वावर तणात चाललं." बस, एवढंच. तू भाकरीवरून उठलास. आधी त्यांचं वावर डवरलंस, मग आपलं. मला सुमनकडून कळलं तेव्हा मी जीपमध्ये बसूनच वादाची तयारी करत आले. म्हणाले, हे काय होतं आता? तू म्हणालास, "तण." मी म्हणाले, तण म्हणजे? "त्याच्या वावरात तण माजलं का बी उडून माझ्यात येते. मी माझं वावर राखलं." मग आधी त्याचं का? "वारा तिकडून वाहते." त्या दिवसांत वारा कुठून वाहत होता हे मला हिंगोलीत बसून कसं कळणार? तू बघ, चांगुलपणा करतानाही खिशात एक स्वार्थ ठेवायचास, कोणी पकडलंच तर दाखवायला.

आणि कोरोनात? तुम्ही सगळे आजारी पडलात, घराला बाहेरून जणू कडी लागली, मी हिंगोलीत अडकलेली. रोज दुपारी ओट्यावर कोणीतरी भाकरी-भाजीचा डबा ठेवून जायचं आणि संध्याकाळी रिकामा घेऊन जायचं. आपल्याकडं बाया चमच्यावरसुद्धा नाव कोरून घेतात, त्या डब्यावर नाव नव्हतं. बरा झाल्यावर तू दारोदार विचारत फिरलास. कोणी कबूल होईना. मला फोन करून म्हणालास, "आक्का, हे बरं न्हाई. माणसानं असं करू नये. नाव सांगायला पाहिजे. आता मी कोणाच्या घरच्या लग्नात राबू?" मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी म्हणाले, हा बघ तुझा निःस्वार्थ, तुझ्याच ओट्यावर येऊन बसला. तू म्हणालास, "देणाऱ्याला पुण्य पाहिजे असंल. त्याचं काम झालं, माझं अडकलं." मी हसून फोन ठेवला. आपण एक डाव जिंकलो, एवढंच मला कळलं होतं. तुझ्या आवाजातली तकलीफ मी ऐकली होती, पण तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

मग तुझं दुखणं आलं. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्यास, आणि त्यानं आतल्या आत किडन्या खाल्ल्या. डायलिसिसला तू आपल्या गावाजवळच्या गोरेगावहून जीप धरून हिंगोलीला यायचास आणि झाल्यावर माझ्या घरी पडून राहायचास. पाणीसुद्धा बेताचं. तोंडात बर्फाचा खडा धरून तू माझ्याशी वाद घालायचास, आणि खडा विरघळला की थांबायचास. त्या दुपारी मला आवडायच्या. हे भयंकर वाटेल कोणाला, पण आवडायच्या. माझ्या लग्नानंतर तू एवढा सलग माझ्या घरी कधी राहिलाच नव्हतास.

डॉक्टर म्हणाले, बहिणीची जुळू शकते, तपासण्या करून बघू. मी त्याच दुपारी तुला म्हणाले, "बबन, माझी एक किडनी घे." भाजी घे म्हणावं तसं म्हणाले. मला वाटलं, तसं म्हटलं की सोपं जाईल.

"न्हाई."

"का?"

"सावडीत बैलाच्या बदल्यात बैल येते. ह्याच्या बदल्यात तुला काय देऊ?"

"मला काही नको आहे."

"तेच तर सांगून राहिलो. काही नको म्हणणाऱ्याचं मी काही घेत न्हाई."

मी चिडले. मग मी सगळं काढलं. मी थोरली आहे, हे माझं कर्तव्य आहे. माय असती तर तिनं मला हेच सांगितलं असतं. एवढी वर्षं राखी बांधून घेतलीस, तिचा अर्थ काय. लोक अनोळखी माणसाला देतात, मी तर सख्खी बहीण. तू बर्फाचा खडा या गालातून त्या गालात नेत ऐकलंस आणि म्हणालास, "हे शाळेत सांगत जाय, पोरायला आवडंल." मग विचारलंस, "दाजी मनापासून व्हय म्हणले का?" ह्यांनी 'तो ऐकणार असेल तर बघ' म्हटलं होतं, ते मी तुला थोडं गोड करून सांगितलं. "आन् तुझ्या पोरीला उद्या लागली तर?" मी म्हणाले, तिला कशाला लागेल? "मला कशाला लागली?"

असा तू. प्रत्येक खेपेला मी नवा मुद्दा घेऊन बसायचे, आणि प्रत्येक खेपेला तू तो सावडीत बसवून बघायचास. बसला नाही की बाजूला ठेवायचास. शेवटच्या दुपारी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "तू खरंच स्वार्थी आहेस. नुसतं देत राहायचं, घ्यायचं नाही. म्हणजे गाव तुझ्या उपकारात आणि तू कोणाच्याच नाही. हा माज आहे, बबन. सगळेच तुझ्यासारखे झाले तर देणाऱ्यांनी काय करायचं?" तुला राग यायला पाहिजे होता. तू तर खूश झालास. "आता बराबर बोलली. इतकी वर्षं हेच सांगून राहिलो का मी स्वार्थी हाय, तर तू ऐकून घेईना." चपला घातल्यास, जिन्याच्या कठड्याला धरून उतरलास, खालून हात केलास. पिकं नुकती डवरणीला आली होती. तू म्हणालास, लाल्याकडं बघायचं आहे.

पुढच्या खेपेला तुझ्याऐवजी सुमनचा फोन आला. सकाळी उठलास, तोंड धुतलंस, ओट्यावर टेकलास आणि तिथंच. एवढ्या भांडणानंतर माणूस असा जातो का, कोणाला काही न बोलता?

मी तुझ्या त्या 'न्हाई'ची उलटसुलट पारख करत बसले आहे. माझ्या पोटावर सुरी चालू नये म्हणून नाही म्हणालास, तर तो त्याग झाला आणि सरपंच खरे ठरले. कोणाच्या ऋणात राहायचं नाही म्हणून नाही म्हणालास, तर तो तुझा आवडता स्वार्थ. दोन्हींत फरक काय पडला? सुमन दोन्हींत विधवाच झाली. पोरं दोन्हींत पोरकीच. मी पोरांना फळ्यावर 'परोपकार' लिहून दिला, तू त्यांच्याकडून मूठभर तूर घेतलीस, आणि आपण दोघं मिळून एक माणूस वाचवू शकलो नाही. कशानं जगाचं जास्त भलं होतं, विचार आता. मला हा प्रश्न ऐकवत नाही.

तेरवीला मारोतराव आला. तुझ्या दारात, पहिल्यांदा. बायका कुजबुजल्या. तो ओसरीत न बसता सरळ गोठ्यात गेला आणि लाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्यालाच म्हणाला, "तुझा मालक लबाड निघाला रे. डवरणी अर्धी टाकून गेला." आणि मग तो म्हातारा असा रडायला लागला की जेवणाऱ्यांचे हात थांबले. कोणीतरी म्हणालं, आता रडून काय उपयोग, जित्यापणी तर एक शब्द बोलला न्हाई त्याच्याशी. मारोतरावानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "त्याच्यासाठी न्हाई रडून राहिलो," तो म्हणाला. "त्याचं सुटलं. माझ्यासाठी रडून राहिलो. मी आता कोणासंग भांडू?"

माझ्या हातात बुंदीची परात होती. ती मी कोणाच्या तरी हातात दिली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. कारण तो जे चारचौघांत बोलला, तेच माझं होतं, आणि मी ते तुझ्याजवळ, बंद खोलीत, तुझ्या उशाशी बसून एकदाही बोलले नव्हते. मी कर्तव्य म्हणाले. मायचं नाव घेतलं. राखी मधे आणली. खरं एवढंच होतं की मला तू हवा होतास. मला. हिंगोलीत सगळे मला मॅडम म्हणतात, ताई म्हणतात, शाल घालतात, मी जे बोलते त्याला मान डोलावतात. माझं ऐकून न घेणारा तू एकटा होतास. तुझ्याशी भांडले की मला माझी मी सापडायचे. तुझ्यावाचून म्हातारी व्हायची मला भीती वाटत होती, आणि त्यासाठी एक काय, अजून काही मागितलं असतंस तरी दिलं असतं. यात त्याग कुठला आला? हा अस्सल, निवडलेला स्वार्थ होता, तुला कळणारा, तुझ्या सावडीत सहज बसणारा. माझी एक किडनी, आणि बदल्यात तुझी पुढची सगळी वर्षं. ते मी बोलले नाही, कारण बोलले असते तर वाद तू जिंकला असतास.

जिंकायचास ना. जिवंत राहून जिंकायचास.

मी तुला सारखी 'घे, घे' म्हणत राहिले, बबन, आणि घेणं तुला कधी जमलं नाही. पण दारात येऊन कोणी मागितलं तर तू भाकरीवरून उठायचास. मी मागायला पाहिजे होतं. तुझ्यासमोर उभं राहून, कोणाचं नाव मधे न आणता, सरळ म्हणायला पाहिजे होतं, मला माझा भाऊ दे.